ॲप अनोळखी माणसाच्या हातात देताना

कोड लिहून झाला, टेस्टिंग झालं, बिल्ड, म्हणजे ॲपची तयार फाइल, स्टोअरवर अपलोड झालं, की उरलेला फॉर्म एका बैठकीत भरून टाकायचा, अशी ॲप बनवणाऱ्या बऱ्याच जणांची पद्धत असते. माझी नाही. स्टोअरवरच्या पानाचा मजकूर मी ॲप अर्धवट असतानाच लिहायला घेते. नाव, एका ओळीतली ओळख, वर्णन, स्क्रीनशॉट, खासगी माहितीबद्दलची उत्तरं, वयोगट, स्टोअरतर्फे ॲप तपासणाऱ्यासाठीच्या सूचना. यातली प्रत्येक चौकट ॲपबद्दल काहीतरी विचारते, आणि त्यातले निम्मे प्रश्न तोवर टीममध्ये कोणी विचारलेलेच नसतात.

सध्या आम्ही औषधांच्या वेळेची आठवण करून देणारं एक छोटं ॲप आणतो आहोत. त्याचं पान लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर एकच माणूस असतो. नुकताच दवाखान्यातून घरी आलेला. हातात गोळ्यांची यादी, एक जेवणाआधी, एक जेवणानंतर, एक दिवसाआड. किंवा त्याची काळजी घेणारं कुणीतरी, ज्याची स्वतःची झोप नीट झालेली नाही. तो स्टोअर उघडून दोन शब्द टाइप करतो, समोर एकसारखी दिसणारी कितीतरी ॲप्स येतात. नाव, त्याखालची ओळ आणि पहिली दोन-तीन चित्रं बघून तो ठरवतो. तेवढ्या वेळात त्याला खरं तेच कळलं पाहिजे, ही माझी जबाबदारी आहे असं मी मानते.

नावासाठी दोन्ही मोठ्या स्टोअरवर ३० अक्षरं मिळतात. पूर्वी जागा जास्त होती. ॲपलच्या ॲप स्टोअरने २०१७ मध्ये आयओएस ११ च्या वेळी ५० वरून ३० वर आणलं, गुगल प्लेनेही २०२१ मध्ये तेच केलं. मोकळी जागा असताना लोक नावातच शोधशब्दांची माळ लावायचे, म्हणून ही कात्री लागली. गुगलने त्याच सुमारास इमोजी, उगाच कॅपिटल अक्षरं आणि ‘सर्वोत्तम’, ‘नंबर एक’, ‘मोफत’ असे शब्दही नावातून हद्दपार केले. मला हा नियम मनापासून आवडतो. आजारी माणसापुढे आरडाओरडा करायचा नसतो.

देवनागरीत लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक अक्षरं ज्या पद्धतीने साठवतो तिच्यात, काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरातला हलन्त ही सगळी वेगवेगळी चिन्हं आहेत. ‘स्त्री’ हे आपल्या लेखी एक अक्षर, पण त्यात सहा चिन्हं भरतात. त्यामुळे कागदावर ऐसपैस वाटलेलं नाव फॉर्ममध्ये टाकलं की चौकट पटकन भरते. नाव सुचलं की मी ते लगेच चौकटीत टाइप करून बघते. प्रेमात पडायचं ते त्यानंतर.

नावाच्या जोडीला ॲपलकडे ३० अक्षरांचं सबटायटल असतं, गुगलकडे ८० अक्षरांचं छोटं वर्णन. अख्ख्या पानात माझा सगळ्यात जास्त जीव या ओळीवर जडतो. आमच्या टीममध्ये पहिली सूचना आली ती ‘वेळेवर औषध, निरोगी आयुष्य’ अशी. वाचायला गोड आहे, पण ती आपल्या हातात नसलेली गोष्ट कबूल करते. निरोगी आयुष्य आमचं ॲप देत नाही. ते फक्त वाजतं, आणि गोळी घेतली की तशी नोंद करू देतं. मग तेच लिहिलं: ‘औषधाची वेळ झाली की आठवण करतं, घेतलेल्या गोळीची नोंद ठेवतं’. ८० च्या आत आरामात बसलं. सहकाऱ्याचं म्हणणं होतं की हे फार साधं झालं, यात काही ओढ नाही. मी त्याला म्हटलं, ‘रात्री उशिरा, चष्मा न लावता, डोकं दुखत असताना वाचून बघ. तेव्हा तुला साधंच हवं असेल.’ ओळ तशीच राहिली.

ॲपलकडे शोधशब्दांसाठी १०० अक्षरांची एक चौकट असते, जी वाचणाऱ्याला कधीच दिसत नाही. शब्दांमध्ये स्वल्पविराम, मध्ये रिकामी जागा नको, आणि नावात किंवा सबटायटलमध्ये आलेला शब्द पुन्हा घालण्यात अर्थ नाही. दुसऱ्याच्या ॲपचं नाव तिथे घालू नये. नियमात तर बसत नाहीच, शिवाय कुणाच्या दारात उभं राहून त्याचं गिऱ्हाईक आपल्याकडे वळवण्यासारखं ते आहे. गुगलकडे अशी चौकटच नाही. तिथलं शोधयंत्र नाव आणि वर्णनं वाचतं. म्हणून गुगलच्या वर्णनात लोक खरोखर वापरतात ते शब्द वाक्यांच्या ओघात यायला हवेत. लोक ‘औषधसेवन व्यवस्थापन’ शोधत नाहीत. ‘गोळीची आठवण’, ‘औषधाचा अलार्म’, असं काहीतरी शोधतात.

पॅकेजचं नाव मात्र एकदाच. तांत्रिक ओळख म्हणून जे नाव बिल्डमध्ये जातं, ते स्टोअरवर एकदा चढलं की बदलता येत नाही, दुसऱ्या ॲपला परत वापरताही येत नाही. दर्शनी नाव पुढे बदलता येतं, हे नाही. त्यामुळे त्यात ‘टेस्ट’, ‘नवीन’ किंवा ‘व्हीटू’ असं काही राहिलेलं नाही ना, हे बिल्ड चढवण्याआधी दोघांनी बघावं.

वर्ग निवडताना आम्ही बराच वेळ घालवला. ‘मेडिकल’ आणि ‘हेल्थ अँड फिटनेस’ हे दोन्ही वर्ग दोन्ही स्टोअरवर आहेत. दुसऱ्या वर्गात व्यायाम, पावलं, ध्यान अशांची गर्दी. आमचा माणूस तिथे शोधायला जाणार नाही. पहिल्या वर्गात जायचं तर जबाबदारी वाढते. चुकीच्या माहितीने इजा होऊ शकेल अशा वैद्यकीय ॲप्सची तपासणी अधिक बारकाईने होऊ शकते, असं ॲपलच्या नियमावलीत स्पष्ट लिहिलं आहे, आणि निर्णय घेण्याआधी डॉक्टरांशी बोला ही आठवण ॲपने द्यावी अशी अपेक्षा आहे. गुगलकडे आरोग्यविषयक ॲप्ससाठी वेगळी घोषणा भरावी लागते. आम्ही मेडिकलमध्ये गेलो. बारकाईने तपासणी व्हायलाच हवी, आम्ही औषधांबद्दल बोलतो आहोत.

आता लांब वर्णन. दोन्हीकडे ४००० अक्षरांची मर्यादा आहे, आणि ती पूर्ण भरायची असते असा एक गैरसमज आहे. आयफोनवर वर्णनाच्या पहिल्या दोन-तीन ओळी दिसतात, पुढचं वाचायला ‘अजून’वर दाबावं लागतं. प्लेवर तर लांब वर्णन वेगळ्याच पानावर असतं. तिथवर जाणारा माणूस कुतूहलाने येत नाही, त्याला शंका असते. हे ॲप मला चालेल का, एवढंच त्याला तपासायचं असतं. म्हणून मी वर्णनाचा मधला भाग ॲप काय करत नाही यासाठी राखून ठेवते. आमचं ॲप डोस सुचवत नाही. दोन औषधं एकत्र चालतात का ते सांगत नाही. डॉक्टरांना काही कळवत नाही. फोन बंद असेल तर वाजत नाही.

या शेवटच्या वाक्यावर आमच्याकडे वाद झाला. स्वतःच्या ॲपच्या मर्यादा आपणच दुकानाच्या पाटीवर लिहायच्या का? माझं मत ठाम आहे, आणि त्याला कारणही तितकंच ठोस आहे. अँड्रॉइड १४ पासून नव्याने घेतलेल्या बहुतेक ॲप्सना ठरलेल्या मिनिटाला अलार्म वाजवण्याची परवानगी आपोआप मिळत नाही. वापरणाऱ्याने ती सेटिंगमध्ये जाऊन द्यावी लागते. ती नसली तर फोन बॅटरी वाचवण्यासाठी आठवण मागेपुढे करू शकतो. काही फोन तर पडद्यामागे चालणारी ॲप्स स्वतःहून बंद करतात. गाण्यांच्या ॲपमध्ये हे चालून जाईल. रक्तदाबाच्या गोळीत कसं चालेल? ज्याने आमच्या भरवशावर कागदावरची यादी फेकून दिली, त्याला हे पाटीवरच दिसलं पाहिजे. आम्ही लिहिलं: पहिल्यांदा उघडल्यावर ॲप एक परवानगी मागेल, ती दिली नाही तर आठवण उशिरा येऊ शकते. आणि हे वाक्य लिहून झाल्यावर लक्षात आलं की परवानगी मागणारी स्क्रीनसुद्धा याच शब्दांत बोलायला हवी. वर्णनातलं वाक्य तसंच्या तसं ॲपमध्ये गेलं.

हेच वर्णन ॲपलकडे उचलून चिकटवता येत नाही. तिथल्या मजकुरात दुसऱ्या मोबाइल प्लॅटफॉर्मचा उल्लेख चालत नाही, शिवाय तिकडच्या नोटिफिकेशनच्या परवानग्यांची गोष्टच वेगळी. दोन पानं, दोन वेगळी वर्णनं, हे मनाशी धरूनच बसावं.

स्क्रीनशॉटच्या बाबतीत मी जरा हट्टी आहे. ॲपलकडे एका प्रकारच्या स्क्रीनसाठी १० पर्यंत देता येतात, गुगलकडे ८ पर्यंत, आणि गुगल किमान २ मागतं. पण शोधाच्या यादीत पहिली दोन-तीनच दिसतात. नुसतं लॉगिनचं पान किंवा लोगो दाखवणारी स्क्रीन ॲपलला चालत नाही, ॲप वापरात असताना कसं दिसतं ते दाखवा असं नियम सांगतो. मला हा नियम फक्त मान्यच नाही, तर मी त्याच्याही पुढे जाते. पहिल्या चित्रात मी आजची यादी दाखवते, दुपारची गोळी घेतलेली, रात्रीची बाकी. दुसऱ्यात आठवण वाजते तो क्षण. तिसऱ्यात नवीन औषध भरायची स्क्रीन, कारण वयस्कर माणसाची खरी भीती ‘हे मला भरता येईल का’ ही असते. महिन्याच्या नोंदींचा सुंदर आलेख मागे, पाचव्या क्रमांकावर. डिझायनरला तो पुढे हवा होता, आणि दिसतोही देखणा, पण आलेख बघायला कुणी औषधाचं ॲप घेत नाही.

चित्रांमधली माहितीही विचार करून भरावी लागते. खऱ्या माणसाचं नाव, खरी औषधयादी तिथे नको. ॲपलही काल्पनिक खात्याची माहिती वापरा असंच सांगतं. आम्ही औषधांची खरी नावंही टाळली. एखाद्याने चित्रात ब्रँड बघून ‘हे चांगलं असणार’ असं समजायला नको. ‘सकाळची पांढरी गोळी’, ‘झोपण्याआधीचं सिरप’. गंमत म्हणजे बरेच लोक प्रत्यक्षात यादीत असंच लिहितात.

आयकॉनची मापं सोपी आहेत: ॲपलला १०२४ बाय १०२४ पिक्सेल, पारदर्शक भाग नको, गुगलला ५१२ बाय ५१२, आणि पानाच्या माथ्यावरच्या चित्रासाठी १०२४ बाय ५००. इथे एकच गोष्ट आवर्जून सांगते. वैद्यकीय म्हटलं की हात आपसूक पांढऱ्यावरच्या लाल क्रॉसकडे जातो. ते चिन्ह १९४९ च्या जिनिव्हा करारांनी संरक्षित केलेलं आहे. युद्धभूमीवर जखमींची सेवा करणाऱ्यांवर गोळी झाडू नये म्हणून ते आहे, कुणाच्याही आयकॉनसाठी नाही. आम्ही एक गोळी आणि एक घंटा काढली.

खासगी माहितीच्या भागात मी सगळ्यात जास्त रमते, आणि हे मी अगदी गांभीर्याने म्हणते आहे. ॲपलने ८ डिसेंबर २०२० पासून नवीन ॲप किंवा अपडेट पाठवताना कोणती माहिती गोळा होते ते सांगणं सक्तीचं केलं, आणि त्याचं लेबल ॲपच्या पानावर आणलं. गुगलने त्याच धर्तीवर डेटा सेफ्टीचा भाग आणला आणि २० जुलै २०२२ पासून तो सक्तीचा केला. ‘गोळा करणं’ म्हणजे काय, याचा अर्थ दोघांकडे जवळपास सारखा आहे: माहिती फोनच्या बाहेर पाठवली जाणं. फोनवरच राहिली, फोनवरच वापरली, तर ती गोळा झाली असं धरत नाहीत.

आमची औषधयादी फोनमध्येच राहते. म्हणून सहकारी म्हणाला, ‘मग काय, काहीच गोळा करत नाही असं टाक.’ पण आपण लिहिलेला कोड काय करतो एवढ्यावर हे उत्तर संपत नाही. ॲप बंद पडलं तर त्याचा अहवाल पाठवणारी लायब्ररी असते, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला, आपण ॲपमध्ये आणून जोडलेला कोड. ती फोनचं मॉडेल, सिस्टिमची आवृत्ती, कधी त्या इन्स्टॉलेशनचा एक ओळखक्रमांक पाठवते. कुठली स्क्रीन किती वेळा उघडली हे मोजणारी दुसरी लायब्ररी असते. तिला पाठवलेल्या घटनेत औषधाचं नाव चिकटून गेलं, तर ती आरोग्याची माहिती झाली, आणि आरोग्याची माहिती फोनबाहेर गेली. लायब्ररीने केलं म्हणून ते आपलं होत नाही असं नाही. दोन्ही स्टोअर त्याची जबाबदारी ॲपवाल्यावरच ठेवतात.

मग आम्ही बसलो आणि तक्ता केला. प्रत्येक लायब्ररी, ती काय पाठवते, कुठे पाठवते, कशासाठी, ते त्या माणसाशी जोडता येतं का, जाहिरातीसाठी माग काढायला वापरलं जातं का, काढून टाकायचं तर कसं. ॲपलने १ मे २०२४ पासून बऱ्याच प्रचलित लायब्ररींकडून त्यांची स्वतःची माहितीपत्रं मागायला सुरुवात केली आहे, आणि एक्सकोड, म्हणजे ॲपलची ॲप बनवायची प्रणाली, ती सगळी एकत्र करून अहवाल काढून देतो. त्याची चांगली मदत होते. तक्ता भरताना प्रत्येक ओळीपाशी एकच प्रश्न येत होता: हे आपल्याला खरंच हवं आहे का? क्रॅशचा अहवाल हवा होता, कारण न वाजलेली आठवण शोधायची तर तोच धागा. स्क्रीन मोजणारी लायब्ररी कुणाला हवी आहे, याचं उत्तर कोणीच देऊ शकलं नाही. ती काढून टाकली. ॲप हलकं झालं, लेबल लहान झालं.

खातं उघडण्याचंही तसंच झालं. पहिल्या आराखड्यात ईमेल देऊन खातं होतं, म्हणजे पुढे दोन फोनवर यादी सारखी ठेवता येईल. पण खातं उघडता येत असेल तर ३० जून २०२२ पासून ॲपलला ते ॲपमधूनच पुसायची सोय लागते, आणि गुगलला शिवाय ॲपच्या बाहेर, वेबवरूनही पुसता येईल असा दुवा लागतो. ही अट वाचताना आमच्यातल्या एकीने विचारलं की आठवण करून घ्यायला माणसाने ईमेल द्यायचाच कशाला? कुणाकडे उत्तर नव्हतं. पहिल्या आवृत्तीतून खातं गेलं. आता प्रायव्हसी पॉलिसी एका पानाची आहे, आणि ती मी स्वतः साध्या भाषेत लिहिली. कुठूनतरी उचललेल्या नमुन्यात ‘आमचे भागीदार आणि संलग्न संस्था’ असतात. आमचे भागीदार नाहीत. फोनचा आपोआप होणारा बॅकअप चालू असेल तर यादी त्या माणसाच्या स्वतःच्या क्लाउड खात्यात जाऊ शकते, हे मात्र त्यात लिहिलं.

वयोगटाची प्रश्नावली लवकर होते. हिंसा, जुगार, शिव्या, सगळ्याला नाही. वैद्यकीय माहितीच्या प्रश्नापाशी थांबून नीट वाचावं लागतं, बस.

ॲपलने २०२५ मध्ये ॲपच्या पानावर सुलभतेची लेबलं आणली: ॲप वाचून दाखवता येतं का, अक्षर मोठं करता येतं का, रंगांचा फरक पुरेसा आहे का. गोळ्या घेणाऱ्यांमध्ये मोतीबिंदू झालेले, हात थरथरणारे किती असतील याचा विचार करा. मी फोनचं अक्षर सगळ्यात मोठं करून संपूर्ण ॲप फिरून आले तेव्हा ‘घेतली’ आणि ‘नंतर आठवण कर’ ही दोन बटणं एकमेकांत घुसत होती. ती एकाखाली एक आणली, मगच मोठ्या अक्षराच्या लेबलवर खूण केली. खूण करायला कुणी अडवत नाही. पण ती खूण बघून ॲप घेणाऱ्याकडे बहुधा दुसरा पर्याय नसतो.

तपासणाऱ्यासाठी सूचना लिहायची चौकट लोक रिकामी ठेवतात याचं मला नवल वाटतं. पलीकडे एक माणूस बसलेला असतो, त्याच्यापुढे दिवसभर ॲप्सची रांग. आमच्या ॲपचं मुख्य काम संध्याकाळी आठ वाजता होणार असेल, तर तो आठपर्यंत थांबणार आहे का? म्हणून पायऱ्या लिहिल्या: नवीन औषध भरा, वेळ दोन मिनिटांनंतरची ठेवा, फोन लॉक करा, आठवण येईल. खातं लागत नाही, म्हणून लॉगिनची माहिती दिलेली नाही. कोणती परवानगी कधी मागितली जाते आणि का. असं लिहिलं की आपलंही ॲप आपल्याला एकदा बाहेरून दिसतं.

१३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना गुगल प्लेवर ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ टेस्टर घेऊन सलग १४ दिवस बंद चाचणी, म्हणजे फक्त निवडक लोकांपुरती चाचणी, करावी लागते. बरेच जण यावर वैतागतात. मी त्या दिवसांत टेस्टरना आणखी एक काम देते: ॲप उघडण्याआधी पान वाचा आणि हे ॲप काय करतं ते मला तुमच्या शब्दांत लिहून पाठवा. या वेळी दोघांनी लिहिलं की गोळी चुकली तर ॲप घरच्यांना कळवतं. पानावर तसं कुठेच नव्हतं. मग कळलं की तिसऱ्या चित्रावरच्या मथळ्यात ‘आपल्या माणसांसाठी’ असे शब्द होते, आणि वाचणाऱ्याने त्यातून स्वतःची सगळ्यात मोठी गरज वाचली. मथळा बदलून ‘नवीन औषध असं भरा’ असा केला. काय करत नाही याच्या यादीत एक ओळ वाढली: गोळी चुकल्याचं हे ॲप दुसऱ्या कुणालाही कळवत नाही. घरच्यांना कळवण्याची सोय पुढच्या आवृत्तीच्या यादीत सगळ्यात वर आहे, आणि ती होईपर्यंत पानावर तिचा शब्दही येणार नाही.